क्वेकर पूर्वजाचा माग: सभेच्या वह्या आणि त्यांच्याविषयीचे गैरसमज

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स या प्रवचनकाराभोवती जमलेला पंथ स्वतःला ‘मित्रांचा समाज’ म्हणवीत असे. परंतु ‘क्वेकर’, म्हणजे थरथर कापणारे, हे विरोधकांनी दिलेले टोपणनावच त्याला कायमचे चिकटले. या पंथात पुरोहित नव्हता, बाप्तिस्मा नव्हता, आणि शपथ घेणे व शस्त्र धरणे दोन्ही निषिद्ध होते. त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंदवही, शपथपत्र, सैन्याचा हजेरीपट अशा ज्या साधनांवरून ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ सहसा जुळविली जाते, त्यांपैकी बहुतेक साधने क्वेकर पूर्वजाच्या बाबतीत हाती लागत नाहीत, आणि अशा माणसाचा माग लागणे अशक्यच, असा समज होतो. प्रत्यक्षात वसाहतकालीन अमेरिकेतील ज्या सामान्य शेतकऱ्यांची, विणकरांची आणि लोहारांची आयुष्ये कागदावर दाटपणे उतरली, त्यांत क्वेकर अग्रभागी आहेत. मात्र हा तपशील त्यांच्या सभेने आपल्या शिस्तीच्या गरजेपोटी लिहून ठेवलेला आहे, आणि हे नजरेआड झाले की वाचनात एकामागून एक चुका होतात.

सर्वांत लोकप्रिय समज जहाजाविषयीचा आहे. क्वेकर पूर्वज म्हटला की तो १६८२ साली याच पंथाच्या विल्यम पेन याच्याबरोबर ‘वेलकम’ जहाजातून उतरला असे अनेक घराणी धरून चालतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८१ मध्ये पेनला, त्याच्या वडिलांच्या राजाकडे थकलेल्या १६,००० पौंडांच्या बदल्यात, पेनसिल्व्हेनियाची सनद दिली. वर्षाला बीव्हर या प्राण्याची दोन कातडी एवढाच त्यावरचा ठरावीक खंड होता. (याच राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले होते, भूभाग वाटण्यात त्याचा हात सैल होता.) ‘वेलकम’वर सुमारे शंभर प्रवासी होते, त्यांपैकी तीसएक वाटेतच देवीने दगावले, आणि त्या जहाजाची प्रवासीयादी आज अस्तित्वात नाही. जॉर्ज मॅक्क्रॅकन या वंशशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘वेलकम’वर हक्क सांगणाऱ्यांचे सिद्ध, खोटे ठरलेले आणि शंकास्पद असे वर्ग पाडले, तेव्हा कित्येक घराण्यांच्या अभिमानाला धक्का बसला. शिवाय क्वेकर अमेरिकेत पेनच्या आधीच पोचले होते. १६५६ मध्ये दोन क्वेकर स्त्रिया बोस्टनला उतरताच तुरुंगात पडल्या; १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला त्याच शहरात फाशी देण्यात आले; ऱ्होड आयलंडमध्ये पंथाला आसरा मिळाला, आणि १६७७ मध्ये वेस्ट जर्सीत बर्लिंग्टन ही वसाहत वसली. इंग्रज प्रजाजन एका इंग्रज मुलखातून दुसऱ्यात जात असल्यामुळे त्यांच्या आगमनाची यादी ठेवण्याचे बंधन बंदरावर नव्हते. फिलाडेल्फियात १७२७ पासून सुरू झालेल्या याद्या जर्मन व अन्य परदेशी लोकांच्या आहेत. म्हणून पूर्वज कोणत्या जहाजातून आला, या प्रश्नाने शोधाची सुरुवात करणे व्यर्थ असते; तो कोणत्या सभेचा सदस्य होता, हा पहिला प्रश्न होय.

येथे ‘सभा’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. रविवारची मौन उपासना ही एक सभा. आणि परिसरातील उपासना-गटांचा कारभार महिन्यातून एकदा पाहणारी ‘मासिक सभा’ ही दुसरी, जिच्यावर त्रैमासिक आणि वार्षिक सभा असत. जन्म, मृत्यू, विवाह, तक्रारी, क्षमायाचना, स्थलांतर यांच्या नोंदी मासिक सभा करी, आणि पुरुषांची व स्त्रियांची सभा वेगळी भरत असल्याने दोघांची इतिवृत्तेही वेगळी असत. पुष्कळ संशोधक केवळ पुरुषांची वही चाळून थांबतात. वधूची चौकशी मात्र स्त्रियांच्या वहीत असते. सदस्य दुसरीकडे राहायला निघाला की जुनी मासिक सभा त्याला वर्तनाविषयीचा दाखला देई आणि नवी सभा तो वाचून नोंदवून घेई. शाळा सोडल्याचा दाखला पुढच्या शाळेत सादर करावा, तशातलाच हा प्रकार होता. याच दाखल्यांनी महासागराच्या दोन्ही काठांवरची माहिती जोडली जाते. सीमाप्रदेशातील प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून याचा आजोबा जॉर्ज बून १७१७ मध्ये इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच या गावाहून पेनसिल्व्हेनियात आला, तेव्हा त्याने तिकडच्या कलम्पटनच्या मासिक सभेचा दाखला पेनसिल्व्हेनियातील ग्विनेडच्या सभेपुढे ठेवला. जहाजाचे नाव कळले नाही तरी मूळ गाव ठरविण्यास तेवढी नोंद पुरते.

सर्वाधिक घोटाळे तारखांत होतात. महिन्यांची आणि वारांची रूढ नावे रोमन व जर्मन देवतांवरून आलेली असल्यामुळे क्वेकर ती टाळीत आणि ‘पहिला महिना’, ‘पहिला वार’ असे क्रमांक लिहीत. आजचा वाचक पहिला महिना म्हणजे जानेवारी असे समजतो. परंतु १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि क्वेकरांचा पहिला महिना मार्च होता, म्हणजे आठवा महिना ऑक्टोबर, अकरावा जानेवारी आणि बारावा फेब्रुवारी. डॅनियल बूनच्या जन्माची नोंद १७३४ च्या आठव्या महिन्यातील २२ तारखेची आहे. ती २२ ऑक्टोबर होय, ऑगस्ट नव्हे. त्याच्या आईवडिलांचा, स्क्वायर बून आणि सारा मॉर्गन यांचा, विवाह १७२० च्या सातव्या महिन्यात झाला. अनेक वंशावळींत तो जुलैत दाखविलेला असतो, वस्तुतः तो सप्टेंबरमधला आहे. गुंता येथेच संपत नाही. १७३४ च्या अकराव्या महिन्यातील घटना आजच्या हिशेबाने जानेवारी १७३५ मधील ठरते, आणि अशा वेळी काळजीपूर्वक लिहिणारे ‘१७३४/३५’ असे जोडवर्ष देतात. त्यातच ब्रिटिश मुलुखांत जुनी ज्युलियन गणना चालू होती. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडवून ती सोडण्यात आली, आणि त्याच वर्षापासून जानेवारी हा क्वेकरांचाही पहिला महिना झाला. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही, कारण शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही त्याच जुन्या गणनेतील असून ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून येतो. व्यवहारात नियम साधा आहे: वहीतला क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि रूपांतर शेजारी वेगळे लिहावे, कारण एकदा महिन्याचे नाव घातले की ते मुळात होते की मागाहून घातले, हे पुढच्या वाचकाला कळत नाही.

विवाहाविषयीही असाच एक समज आहे, की पुरोहित नसल्यामुळे हे विवाह अनौपचारिक असत. प्रत्यक्षात वधूवरांना आपला इरादा लागोपाठ दोन मासिक सभांत जाहीर करावा लागे. दोघे अन्यत्र वचनबद्ध नाहीत ना आणि पालकांची संमती आहे ना, याची नेमलेली माणसे चौकशी करीत. आणि विवाहाच्या दिवशी उपस्थित मंडळी प्रमाणपत्रावर सह्या करीत. जवळचे नातलग बहुधा उजवीकडच्या रकान्यात, वधूवरांच्या नावांखाली सह्या करीत, त्यामुळे तो रकाना म्हणजे अर्धी वंशावळच असते. परंतु सही करणारा प्रत्येक जण नातलग किंवा क्वेकर होता असे मात्र नाही. शेजारीपाजारीही सह्या करीत.

शिस्तभंगाबद्दल सभेने सदस्यत्व काढून घेणे याला मराठीत सहज ‘वाळीत टाकणे’ म्हटले जाईल, पण तो शब्द येथे दिशाभूल करतो. अशा माणसाशी रोटीव्यवहार तुटत नसे आणि त्याला उपासनेला बसण्याची मोकळीक असे. फक्त कारभाराच्या सभेत त्याला स्थान उरत नसे, आणि लेखी पश्चात्ताप सादर केल्यास तेही परत मिळे. कारणही बहुधा गंभीर गुन्ह्याचे नसून पंथाबाहेर विवाह, फेडता न आलेले कर्ज किंवा सैन्यात नाव घालणे असे असे. स्क्वायर बूनच्या मुलीने १७४२ मध्ये पंथाबाहेर विवाह केला तेव्हा त्याने पेनसिल्व्हेनियातील एक्सेटरच्या सभेपुढे चूक कबूल केली. पुढे मुलगा इस्रायल यानेही तेच केल्यावर मात्र त्याने मान तुकविली नाही आणि १७४८ मध्ये त्याचे सदस्यत्व गेले. त्याची पत्नी सदस्य राहिली, म्हणजे एका घरातील नवरा वहीतून नाहीसा होतो आणि बायको तिच्यात राहते. असा माणूस मेला किंवा गाव सोडून गेला, असा घाईचा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. त्याचा पुढचा माग जमिनीच्या खतांत, मृत्युपत्रांत आणि अन्य चर्चच्या नोंदींत घ्यावा लागतो.

विल्यम वेड हिन्शॉ यांनी १९३६ पासून प्रसिद्ध केलेला अमेरिकी क्वेकर वंशावळींचा कोश या कामात अपरिहार्य आहे (हिन्शॉ हे पूर्वायुष्यात ऑपेराचे गायक होते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते). तथापि तो इतिवृत्तांचा सांकेतिक अक्षरांत केलेला गोषवारा आहे. अस्सल आणि नक्कल यांतील भेद मराठी इतिहाससंशोधनात जितका कसोशीने पाळला जातो, तितकाच तो येथेही पाळावा लागतो. ‘सदस्यत्व गेले’ एवढेच कोशात असते. का गेले, कोण समजावायला गेले आणि त्याने काय उत्तर दिले, हे स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या महाविद्यालयांतील संग्रहांत जतन झालेल्या इतिवृत्तांतच मिळते.

क्वेकर म्हणजे आरंभापासून गुलामगिरीचे विरोधक, हा समज वंशजांना विशेष प्रिय असल्यामुळे त्याला कागदाने उत्तर देणे भाग आहे. जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्येच लेखी निषेध नोंदविला, पण वरच्या सभांनी तो बाजूला ठेवला. खुद्द पेनच्या घरी गुलाम होते, आणि गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांवर जाहीर हल्ले चढविणारा बेंजामिन ले याच्याशी फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७३८ मध्ये संबंध तोडला. गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांवर कारवाई १७५८ मध्ये आली आणि गुलाम बाळगणाऱ्यांचे सदस्यत्व काढण्याचा निर्णय १७७६ मध्ये. त्याआधीच्या क्वेकर मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुरे, भांडी यांच्याबरोबर माणसांची नावे व किमती आढळतात. त्या ओळी वगळून लिहिलेला कुटुंबेतिहास खोटा ठरतो.

उरला थडग्याचा प्रश्न. मृताचे मोठेपण मिरवू नये म्हणून क्वेकर थडग्यावर दगड उभारणे टाळीत. त्यामुळे दफनभूमीत पूर्वजाचे नाव नसणे हा तो तेथे पुरलेला नसल्याचा पुरावा ठरत नाही. स्क्वायर बून १७५० मध्ये पेनसिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलायनाच्या यॅडकिन खोऱ्यात गेला आणि तेथेच १७६५ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर मात्र कोरलेला दगड आहे, आणि त्यावर मृत्यूच्या महिन्याला क्रमांक नसून वेड्यावाकड्या अक्षरजुळणीत का होईना, जानेवारी हे नाव दिलेले आहे.