प्रोग्राम उघडताना विंडो का अडकते?

आपल्या घरांतली बरीच मुले-मुली आज कोडिंग शिकत आहेत. कुणी दुकानाच्या बिलांचा प्रोग्राम बनवतो, कुणी शाळेच्या फीचा. हिशेब बरोबर येतो, पण दुकानदाराने आयकॉनवर क्लिक केलं की काहीच दिसत नाही. तो पुन्हा क्लिक करतो. मग पांढरी विंडो येते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलेलं. गिऱ्हाईक समोर उभं! "यापेक्षा आपली वहीच बरी," असं म्हणून तो प्रोग्राम बंद करतो. मुलाची महिन्यांची मेहनत तिथेच वाया जाते. म्हणून हे नेमकं का होतं, ते समजून घेऊ.

विंडो रंगवणे आणि माऊसचे क्लिक ऐकणे ही कामे सहसा एकच 'यूआय थ्रेड' करतो. गल्ल्यावर बसलेला एकटा माणूस समजा. तोच माल आणायला गोदामात गेला, तर गिऱ्हाईकाला उत्तर कोण देणार? विंडोने काही सेकंद उत्तर दिलं नाही, की विंडोज तिला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवते.

सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स शिकणारे डेटाबेस उघडण्यापासून मालाची यादी वाचण्यापर्यंत सगळं 'लोड' इव्हेंटमध्ये टाकतात. हा इव्हेंट विंडो दिसण्याआधी चालतो. तो संपेपर्यंत विंडो येतच नाही.

मग करायचं काय?

1. जड काम 'शोन' इव्हेंटमध्ये न्या. तो विंडो पहिल्यांदा दिसल्यावर चालतो. पण नुसतं हलवून भागत नाही, कारण तोही यूआय थ्रेडवरच चालतो. ते काम 'टास्क रन'ने दुसऱ्या थ्रेडवर द्या आणि 'अवेट' लावा. सी शार्पमध्ये ही सोय 2012 पासून आहे.

2. दुसऱ्या थ्रेडमधून बटण, यादी यांना हात लावू नका. 'अवेट'नंतरच्या ओळी यूआय थ्रेडवर परत येतात, यादी तिथे भरा.

3. तोवर 'यादी येत आहे' असं दाखवा आणि बिलाचं बटण बंद ठेवा. अर्धवट यादीवर बिल निघालं तर नुकसान दुकानदाराचं.

4. लिस्टव्ह्यू भरण्याआधी 'बिगिनअपडेट', नंतर 'एंडअपडेट' लिहा. प्रत्येक ओळीला लुकलुकणं थांबेल.

5. दोनदा क्लिक झाल्यास दुसरी प्रत उघडू नये म्हणून 'म्युटेक्स' वापरा.

शेवटी, प्रोग्राम आपल्या नव्या लॅपटॉपवर नाही, तर दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. खरी परीक्षा तिथेच होते.