झडप बदलली, आता पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या नववीच्या एका मुलीची महाधमनीची झडप बदलण्याचे ऑपरेशन झाले. योजनेचे कागद, रेशनकार्डावरची नावाची दुरुस्ती, रक्तदाते, मुक्कामाचा खर्च, सगळ्यासाठी आम्ही तरुण मंडळी धावलो. ऑपरेशन यशस्वी झाले, पेढे वाटले गेले आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

आठ महिन्यांनी सहज घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "ताई, नवी झडप बसवलीय ना पोरीला, मग आता गोळी कशाला? पंधरा दिवस झाले, बंद केली." रक्ताची तपासणी तीन महिन्यांत झालीच नव्हती. त्याच दिवशी आम्ही मुलीला दवाखान्यात नेले. गाठ झालेली नव्हती म्हणून निभावले. आईला दोष देऊन उपयोग नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर सगळे लिहिले होते, पण इंग्रजीत. आणि आम्ही कार्यकर्त्यांनी ऑपरेशन म्हणजे शेवट असे धरले होते. प्रत्यक्षात झडप बदललेल्या मुलाचा निकाल ऑपरेशनच्या टेबलावर अर्धाच लागतो. उरलेला अर्धा घरात, शाळेत आणि वस्तीत लागतो. म्हणून हा विषय आपण समजून घेतला पाहिजे.

झडप बिघडते कशी?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते आणि तिथून सर्व शरीराला मिळते. या दोहोंच्या मध्ये तीन पाकळ्यांची झडप असते. ती रक्त पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. झडप अरुंद झाली तर हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ती गळू लागली तर तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावे लागते. मूल दमते, धाप लागते, छातीत दुखते, कधी चक्कर येऊन पडते.

कारणे मुख्यतः दोन. पहिले जन्मजात. साधारण शंभरात एकाला तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप असते. त्यातल्या बहुतेकांना लहानपणी त्रास होत नाही, काहींना मात्र होतो. दुसरे कारण रुमॅटिक ताप. घशाला होणाऱ्या एका प्रकारच्या जंतुसंसर्गावर वेळेत उपचार झाला नाही, तर काही मुलांत सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, जवळ दवाखाना नाही, ताप अंगावर काढला जातो, तिथे हा आजार टिकून राहतो. श्रीमंत देशांत तो जवळपास दिसेनासा झाला, आपल्याकडे नाही. म्हणजे हा आजार हृदयाचा असला तरी त्याचा पत्ता घराचा आणि उत्पन्नाचा आहे.

मोठ्यांची झडप आणि मुलांची झडप

डॉक्टर शक्यतो मुलाची स्वतःची झडप वाचवायला बघतात. अरुंद झडप फुग्याने उघडतात किंवा ऑपरेशन करून दुरुस्त करतात. ते जमत नसेल तरच बदलतात. अडचण अशी की मूल वाढते, बसवलेली झडप वाढत नाही. त्यामुळे मुलांसाठी बिनदोष पर्याय कोणताच नाही.

यांत्रिक झडप टिकाऊ असते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने अशी झडप तयार केली आणि १९९० साली ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. परदेशी झडपेपेक्षा स्वस्त असल्यामुळे हजारो गरीब रुग्णांना ती मिळू शकली. पण कोणत्याही कृत्रिम झडपेवर रक्त गोठू शकते. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. झडप लहान पडली तर मोठी बसवण्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागते.

प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा कायम लागत नाही. पण वाढत्या वयातल्या मुलांत तिच्यावर लवकर कॅल्शियम साचते आणि मोठ्यांपेक्षा खूप आधी ती निकामी होते.

तिसरा मार्ग डॉ. डोनाल्ड रॉस यांनी १९६७ साली लंडनमध्ये दाखवला. मुलाचीच फुप्फुसाकडे जाणारी झडप काढून महाधमनीच्या जागी बसवायची आणि फुप्फुसाच्या जागी दुसरी बसवायची. जिवंत झडप मुलाबरोबर वाढते, गोळी जन्मभर लागत नाही. पण एका झडपेचा आजार दोन झडपांवर जातो, फुप्फुसाकडची झडप पुढे बदलावी लागू शकते, आणि ऑपरेशन अवघड असल्याने त्याला अनुभवी हात लागतात. रुमॅटिक आजार असलेल्या लहान मुलांत तर जागा बदललेल्या झडपेवरही तोच आजार बसू शकतो.

आकडे काय सांगतात?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मुलांवरील ३४ संशोधने एकत्र तपासली गेली. ऑपरेशनच्या सुमारास दगावण्याचे प्रमाण रॉस पद्धतीत साधारण ४ टक्के, यांत्रिक झडपेत ७ टक्के आणि दान मिळालेल्या मानवी झडपेत १३ टक्क्यांच्या आसपास आढळले. हे आकडे बघून "रॉसच करा" असा हट्ट डॉक्टरकडे धरू नये. कोणत्या मुलाला कोणती झडप दिली, त्याचे वय आणि प्रकृती काय होती, यात फरक असतो. तान्ह्या बाळांत धोका कितीतरी जास्त असतो. शिवाय हे आकडे मुलांचा पाठपुरावा ठेवणाऱ्या आणि निकाल छापणाऱ्या केंद्रांतले आहेत. ज्या मुलाची तपासणीच होत नाही, ते या आकड्यांत नाही.

तरीही मुख्य गोष्ट आशेची आहे. शंभरातली नव्वदहून अधिक मुले ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर येतात. त्यांना पुढे जगवत ठेवणे हे मोठे काम आहे.

गोळीचे गणित

रक्त किती पातळ आहे हे आयएनआर तपासणीतून कळते. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. महाधमनीत यांत्रिक झडप असलेल्यांचा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. कमी झाला तर झडपेवर गाठ होते, ती मेंदूत गेली तर लकवा. जास्त झाला तर रक्तस्राव. ताप, जुलाब, नवे अँटिबायोटिक, मेथी-पालक अचानक खूप खाणे किंवा एकदम सोडणे, यानेही आकडा हलतो. भाजी बंद करायची नसते, प्रमाण सारखे ठेवायचे असते. दुखण्यावरची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नये.

मुलींबाबत एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि यांत्रिक झडप असताना बाळंतपण जोखमीचे असते. म्हणून मुलगी वयात येताना तिला स्वतःला हे सांगायला हवे. ऑपरेशन लपवून लग्न लावले जाते, सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, मग ती सुटते. असे लग्न मुलीच्या जिवावर बेतते.

आपण काय करू शकतो?

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: झडप दुरुस्त होईल का? कोणती बसवणार आणि का? पुन्हा ऑपरेशन कधी लागू शकते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाची ऑपरेशने होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. आपल्या शाळेत पथक आले का, हे विचारा.

ऑपरेशननंतर सूचना मराठीत लिहून घ्या आणि घरात भिंतीवर लावा. आयएनआरच्या तारखा आणि आकडे एका वहीत ठेवा. बसभाडे आणि बुडालेली मजुरी यामुळे तपासणी चुकते, तेव्हा वर्गणी ऑपरेशनपुरती गोळा करू नका, वर्षभराची ठेवा.

दातांवर उपचार करण्याआधी झडपेबद्दल सांगा, कारण तोंडातले जंतू झडपेवर बसू शकतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर परस्पर अँटिबायोटिक न देता हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. रुमॅटिक आजार असेल तर पेनिसिलिन ऑपरेशननंतरही चालू ठेवावे लागते; इंजेक्शन की गोळ्या, हे त्यांनाच ठरवू द्या.

आमच्या त्या मुलीची वही आता तिच्याच दप्तरात असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वस्तीतला कुणीतरी एक जण तिच्याबरोबर तपासणीला जातो. पाळी ठरलेली आहे. तुमच्या वस्तीत असे मूल असेल, तर आजच त्याची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा.