एक पत्ता कमी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मोठी माणसं बैलाचे दात बघत असायची, तेव्हा आम्ही पोरं कडेच्या दुकानापाशी बसून अंडरटेकरचं वजन बघत असू. नव्वदीतली गोष्ट. ट्रम्प कार्ड म्हणायचो आम्ही त्यांना. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड असे आकडे. एकाने 'वजन' म्हणायचं, दोघांनी पत्ता उलटायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. फक्त रँकमध्ये लहान आकडा जिंकायचा. योकोझुनाचं वजन आम्हाला झोपेतही सांगता आलं असतं. गावच्या जत्रेतल्या हगाम्यात ज्याची कुस्ती बापाच्या खांद्यावर बसून पाहिली, त्या पैलवानाचं वजन मात्र कधी कोणी विचारलं नाही. त्याचा पत्ता नव्हता ना!

हा पत्ता तयार कसा होतो, हे सांगायचं तर एक संच काढूनच बघू. महाराष्ट्र केसरीचा घेऊ. १९६१ पासूनची ही स्पर्धा. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात. २०२५ ची गदा तर आपल्या जिल्ह्यातच, अहिल्यानगरला, पृथ्वीराज मोहोळने उचलली. त्याआधी २०२० ची अकोले तालुक्यातल्या हर्षवर्धन सदगीरने. संचाला मालाची कमतरता नाही.

मुळात खेळाडूचं कार्ड हा स्वतंत्र माल नव्हताच. सिगारेटच्या पाकिटात चुरगळू नये म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत, त्यावर कोणीतरी चित्र छापलं. विलायतेतल्या विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा संच काढला, तो असाच. पुढे अमेरिकेत सिगारेटची जागा बबलगमने घेतली. आपल्याकडे 'बिग फन' बबलगमबरोबर खेळाडूंची चित्रं यायची, त्यांच्यावर धावा नाहीतर बळी लिहिलेले. १९९९ च्या विश्वचषकात ब्रिटानियाने बिस्किटाच्या वेष्टनावर धावा छापल्या आणि १०० धावा जमवून आणणाऱ्याला स्क्रॅच कार्ड देऊ केलं, तेव्हा घराघरांत चहाबरोबर बिस्किटं जरा जास्तच खाल्ली गेली. तेव्हा कागदाच्या जिवावर बिस्किट खपत होतं. नुसता कागदच विकायचा, ही अक्कल त्याच्या पुढची.

पहिलं काम परवानगीचं, आणि ते सगळ्यांत किचकट. चेहऱ्याचा हक्क खेळाडूचा, फोटोचा फोटोग्राफरचा, टोपीवरच्या चिन्हाचा संघाचा आणि स्पर्धेच्या नावाचा आयोजकांचा. काही कार्डांवर नामांकित खेळाडू बिनचिन्हाच्या टोपीत दिसतो, तो याच कारणाने: खेळाडूशी करार झालेला असतो, संघाशी नसतो. अमेरिकेत टॉप्स आणि बोमन या बेसबॉलचे पत्ते काढणाऱ्या कंपन्या खेळाडूंच्या सह्यांवरून वर्षानुवर्षं भांडल्या, शेवटी १९५६ मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेऊन भांडण मिटवलं. आपला पैलवान लंगोटावर उभा असतो, त्यामुळे चिन्हाची कटकट तेवढी वाचते.

मग मांडणी. आजच्या कार्डाची घडी बसवली साय बर्गर नावाच्या टॉप्सच्या माणसाने. १९५१ च्या शरदात ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, कात्री आणि पुठ्ठा घेऊन त्याने १९५२ चा संच बेतला. समोर रंगीत चित्र, नाव, खेळाडूची सही, संघाचं चिन्ह. मागे जन्मगाव, उंची-वजन, गेल्या मोसमाचे आणि कारकिर्दीचे आकडे. सत्तर वर्षं लोटली, मांडणी फारशी हललेली नाही. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच हे माप पुढे १९५७ पासून पक्कं झालं. पोराच्या हातात मावतं आणि शर्टाच्या खिशातही बसतं.

पुढची बाजू दुकानात विकते आणि मागची बाजू घरी टिकते, असं माझं मत आहे. झहीर खानच्या पत्त्यावर समोर उडी घेतलेला गोलंदाज असणार, पण मागे 'श्रीरामपूर' आणि 'कसोटी बळी ३११' दिसलं की नगरचं पोर तो पत्ता कोणाला देणार नाही. अजिंक्य रहाणेच्या पत्त्यामागे आश्वी खुर्द छापलं, तर संगमनेर तालुक्यात त्याची किंमत आपोआप चढेल. आपल्या पैलवानाच्या पाठीमागे तालीम, वस्ताद, वजन आणि हातखंडा डाव हवा: ढाक, घिस्सा, धोबीपछाड. खेळायचा संच असेल तर आणखी एक पथ्य. एकच पत्ता सगळ्या आकड्यांत भारी ठेवायचा नाही. वजनात जो दांडगा, तो दुसऱ्या कशात तरी उणा हवा, नाहीतर दोन डावांत पोरं कंटाळतात.

नक्षी संगणकावर जुळली की छापखाना. इथे कोणालाही कळेल असा हिशेब आहे. २० बाय ३० इंचाचा आर्ट कार्डाचा ताव घ्या, साधारण ३०० जीएसएमचा. कटिंगला जागा सोडून एका पत्त्याला पावणेतीन बाय पावणेचार इंच धरले, तर तावावर आडवे दहा आणि उभे पाच, म्हणजे ५० पत्ते बसतात आणि मशीनच्या ग्रिपरला पकडायलाही कड उरते. रंग चारच: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. प्रत्येकाची वेगळी प्लेट. चारही प्लेटांचे बारीक ठिपके नेमके एकमेकांवर बसले नाहीत, रजिस्टर हललं, की पैलवानाच्या मिशीला निळी सावली येते. लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मा प्रेस होता, तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड घासून लक्ष्मी-सरस्वती छापत. दगड जाऊन प्लेट आली, ठिपके जुळवायचं काम तेच आहे. चित्राचा रंग कडेच्या रेषेपलीकडे तीनेक मिलिमीटर वाढवून ठेवतात, म्हणजे कापताना पातं जरा सरकलं तरी पांढरी किनार दिसत नाही. वर लॅमिनेशन, महागड्या पत्त्यांना चमचमती फॉइल.

आता या धंद्याची खरी मेख. तावावर ५० जागा आहेत. ५० पैलवान घेतले तर सगळे सारखेच छापले जातील. पण २६ च घेतले, २४ जणांना दोन-दोन जागा दिल्या आणि दोघांना एकेकच, तर बेरीज ५० च होते. ते दोघे मात्र बाकीच्यांच्या निम्म्याने निघतात. शाई तीच, कागद तोच, मजुरीही तीच. नुसत्या जागा वाटण्याने दोन पत्ते दुर्मिळ झाले! छापणं सोपं असतं, कमी छापणं हे कसब.

कधी कधी हे कसब दैवाच्या हाती जातं. १९५२ च्या त्याच संचात बेसबॉलपटू मिकी मँटलचा पत्ता तावावर दोन जागी होता, म्हणजे मुळात मुबलक. पण तो शेवटच्या हप्त्यात निघाला. तोवर बेसबॉलचा मोसम सरत आलेला, पोरांचं लक्ष दुसरीकडे, खोकी गोदामात पडून राहिली. गिऱ्हाईक मिळेना म्हणून १९६० मध्ये बर्गरने ती बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली; पुढे स्वतःच तो हे सांगत असे. त्यातून वाचलेला, उत्तम स्थितीतला एक मँटल २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. त्या पत्त्याचा क्रमांक ३११. झहीरच्या कसोटी बळींइतकाच. या योगायोगाचा कशाशी काही संबंध नाही, पण पत्ते जमवणाऱ्यांना असल्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

छापलेले ताव गड्डीने कटरखाली जातात. वरचा ताव आणि तळचा ताव यांत केसभर फरक पडला तरी चित्र एका बाजूला सरकतं. मग मिसळणी. ही वरवर किरकोळ वाटते, पण एका पुडीत एकच पैलवान तीनदा निघाला तर पोरगं दुसरी पुडी घेणार नाही. इटलीत मोदेना गावी पानिनी बंधूंनी १९६१ मध्ये फुटबॉलपटूंची चिकटचित्रं सुरू केली, तेव्हा हीच अडचण आली. त्यांच्यातल्या उंबेर्तोने मग 'फिफिमॅटिक' नावाचं यंत्रच बनवलं. एका पुडीत एकच चित्र दोनदा येऊ नये, एवढंच त्याचं काम. पानिनींचा दुसरा डाव त्याहून साधा: पुडीबरोबर आल्बम विकायचा, त्यात प्रत्येक चित्रासाठी आखलेली चौकट. रिकामी चौकट पोराला झोपू देत नाही.

ती चौकट भरायला किती पुड्या लागतात? ५० पत्त्यांचा संच, सगळे सारखे छापलेले आणि पुडीत एकच पत्ता, असं धरू. पहिल्या पुडीतला पत्ता नवाच असणार. पण ४९ जमल्यावर उरलेला एक मिळवायला सरासरी ५० पुड्या फोडाव्या लागतात, कारण दर पुडीला तो निघण्याची शक्यता पन्नासात एक. सगळी बेरीज केली तर संच पुरा व्हायला सरासरी २२५ पुड्या लागतात. त्यातली पहिली ४० कार्डं ७९ पुड्यांत मिळतात आणि राहिलेल्या १० साठी १४६ पुड्या जातात. म्हणजे दुकानदाराचा गल्ला पोराच्या सुरुवातीच्या हौसेपेक्षा शेवटच्या हट्टावर जास्त भरतो. यावर उपाय एकच, आणि तो पोरांना न शिकवता येतो: डबल देऊन नवं घेणं. शाळेच्या कट्ट्यावर हा बाजार भरला की पुड्या कमी लागतात. कंपनीला त्याचंही वाईट वाटत नाही. अदलाबदल चालू असते तोवर खेळ चालू असतो, आणि बोलबाला फुकट होतो.

लोभ वाढला की गणित फसतं, हेही घडून गेलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जुन्या पत्त्यांचे भाव ऐकून अमेरिकेत लोक नव्या पत्त्यांची खोकीच्या खोकी माळ्यावर टाकू लागले. कंपन्यांनी मागेल तेवढं छापलं. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला भाव कुठून येणार? ती खोकी अजूनही मातीमोल आहेत. तिथून पुढे कमतरता उघड छापायची रीत आली. पत्त्यावर क्रमांक घालायचा, अमुकपैकी तमुक. चोवीस पुड्यांत एक चमकता पत्ता, हे वेष्टनावरच सांगायचं. खेळाडूची खरी सही चिकटवायची. अप्पर डेक कंपनीने १९९९ मध्ये बेसबॉलपटू बेब रूथची वापरलेली बॅट २३,००० डॉलरला विकत घेतली आणि करवतीने तिच्या चिपट्या पाडून एकेक चिपटी पत्त्यात बसवली. मला हा प्रकार देवळाचा खांब फोडून अंगारा वाटण्यासारखा वाटतो. पण खपला.

पुडीवर शक्यता छापणं मात्र मला मान्य आहे. किंबहुना आपल्याकडेही लहान मुलांसाठी जे जे बंद पुडीत विकलं जातं, त्यावर ती ठळक मराठीत छापलेली असावी.

पत्ता पुडीतून बाहेर आला की दुसरा बाजार सुरू होतो, आणि तो काष्टीच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे ठरवायला तोंड उघडून दात बघतात; मालक काय सांगतो त्यावर जात नाहीत. पत्त्यांचेही असे पारखी आहेत. अमेरिकेत १९९१ मध्ये पीएसए नावाची कंपनी निघाली. ती पत्ता तपासून १ ते १० असा दर्जा देते आणि प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचा बंद करते. बघायच्या जागा चार: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का. एखादा कोपरा किंचित दबला तरी दहाचा नऊ होतो, आणि नामांकित पत्त्याची किंमत तेवढ्यावरून कितीतरी पटींनी पडते. फरक एवढाच, की जुन्या बाजारात हेडी रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा आणि इथे तो लिलावात जगासमोर पुकारला जातो.

आमच्या अंडरटेकर आणि योकोझुनाला या बाजारात फारसं कोणी विचारणार नाही. भरमसाट छापलेले, पातळ पुठ्ठ्याचे, आणि आम्ही ते हाफ पँटच्या खिशात कोंबून घामाने भिजवलेले. तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमची गड्डी असेलच, तर ती काढा आणि आधी तिच्याभोवतीचा रबर बँड सोडवा. उन्हाळ्यात तो वितळतो, कडेला चिकटतो आणि निघताना वरच्या पत्त्याचा रंग घेऊन जातो.