पडणे, उठणे आणि तोल साधणे

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, शहागंज वा मोंढा येथील व्यापारी कुटुंबाची दिनचर्या सर्वांच्या परिचयाची आहे. वडील सकाळी देवदर्शन आटोपून दुकानात जातात, ते रात्रीच परततात. आई घर, मंदिर आणि आप्तसंबंध सांभाळते. मुले शाळेतून शिकवणीला व शिकवणीतून घरी येतात. मागील पिढी वाड्याच्या चौकात आणि गल्लीत खेळून वाढली. आजची मुले सदनिकांत राहतात. खाली अंगणाच्या जागी मोटारी उभ्या असतात आणि मुलांच्या हाती मोबाइल उरतो. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे दमदार शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घराघरांत हा हिशेब मांडून पाहिला, तर बहुतेक ठिकाणी तूटच निघेल.

ही तूट भरून काढणाऱ्या खेळांत स्केटबोर्डिंगचे नाव व्यापारी घरांत क्वचितच निघते. निघालेच तर ‘हातपाय मोडून घेण्याचा उद्योग’ म्हणून. या खेळाची नीट ओळख करून घेतली, तर हे मत पुन्हा तपासावेसे वाटेल.

लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली सुमारे ८० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद फळी आणि तिच्याखाली चार चाके, एवढेच हे साधन. रोलर स्केट्स पायांत घट्ट बांधलेले असतात. येथे पाय मोकळे राहतात. वळायचे असेल त्या बाजूला शरीराचा भार झुकवावा लागतो. घोटे, गुडघे, कंबर आणि नजर यांचा मेळ बसल्याखेरीज फळी पुढे सरकत नाही. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील सागरी लाटांवर खेळणाऱ्या तरुणांमुळे हा खेळ रस्त्यावर आला. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथमच स्थान मिळाले. तेथे महिलांच्या स्ट्रीट प्रकारातील सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके अवघ्या तेरा वर्षांच्या मुलींनी जिंकली. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड या किशोरवयीन मुलीने स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

पदकांहून मोलाची गोष्ट मात्र एका खेड्यात घडली. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराचे दर्शन घेणाऱ्या यात्रेकरूंना पन्ना जिल्हा परका नाही. त्या जिल्ह्यातील जनवार या गावात २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेने मुलांसाठी सिमेंटचे स्केटबोर्ड मैदान उभारले. नियम दोनच ठेवले. पहिला, शाळा नाही तर स्केटबोर्डिंग नाही. दुसरा, मुली प्रथम. मुलीने फळी मागितली की मुलाने ती तिच्या हाती द्यायची. गावातील आदिवासी व यादव मुले त्या मैदानावर एकत्र खेळू लागली. त्यांपैकी आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. फळी निमित्तमात्र होती. शिस्त, शिक्षण आणि परस्परांविषयीचा आदर हे त्या मैदानाचे खरे उत्पन्न होय.

या खेळाचा पहिला धडा पडण्याचा असतो. गुडघे वाकवून, अंग सैल सोडून कसे पडावे, हे आधी शिकवले जाते. एक साधी युक्ती जमेपर्यंत मूल शंभर वेळा पडते. तेथे गुण नसतात, क्रमांक नसतो. वडिलांची ओळखही उपयोगी पडत नाही. व्यापारी कुटुंबांनी याचा विचार विशेषत्वाने करावयास हवा. मुलांना काही कमी पडू नये म्हणून आईवडील झटतात. त्या मायेपोटी अपयशाची झळही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही. पुढे हाच मुलगा वा मुलगी पेढीवर बसते आणि पहिला तोटा येतो, तेव्हा पैशापेक्षा अधिक मन खचते. लहानपणी पडून उठण्याची सवय झालेल्याला तोटा हा शेवट वाटत नाही.

जैन घरांत काही प्रश्न साहजिकच उपस्थित होतील. या खेळाचे अनेक बूट चामड्याचे असतात. कापडी वा कृत्रिम साहित्याचे बूट बाजारात सहज मिळतात, तेच घ्यावेत. डिसेंबरात आपल्या शहरात सहाच्या आत सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या मुलांसाठी हिवाळ्यात सरावाची वेळ सकाळचीच असावी. साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करताना चार हात पुढील भूमी पाहून पाऊल टाकतात. चाकांवर उभ्या राहणाऱ्या मुलालाही हाच संस्कार द्यावा. पावसाळ्यात जीवजंतूंचा संचार वाढतो, तेव्हा उघड्यावरील सराव थांबवणेच योग्य.

सुरक्षिततेत तडजोड नको. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते पाच वर्षांखालील मुलांनी स्केटबोर्डवर चढू नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांजवळ मोठ्या माणसाने थांबावे. हेल्मेट व मनगट, कोपर आणि गुडघ्यांची कवचे अनिवार्य मानावीत. पडताना मूल हात टेकते, म्हणून मनगटाला इजा होण्याचा संभव अधिक. जालना रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर फळी कधीही नेऊ नये.

आरंभासाठी मोठा निधी लागत नाही. समाजाच्या एखाद्या वसतिगृहाचे वा मंगल कार्यालयाचे गुळगुळीत सिमेंटचे आवार, चार-पाच फळ्या, पुरेशी कवचे आणि एक जाणकार प्रशिक्षक एवढे जुळले की पुरे. फळ्या सामाईक असाव्यात. कारण पाळी येईपर्यंत थांबणे आणि दुसऱ्याला हात देऊन उठवणे येथेच शिकता येते. जनवारचे नियमही तसेच घ्यावेत : पाठशाळा चुकवणाऱ्यास त्या दिवशी फळी नाही, आणि मुली प्रथम. कडेला आजी-आजोबांसाठी चार खुर्च्या मांडल्या, तर तीन पिढ्यांची ती भेट ठरेल.

कचनेरच्या पदयात्रेत लहान मुलांचे पाय दुखतात. तरीही ती चालत राहतात, कारण मागेपुढे आपलीच माणसे असतात. चार चाकांवर डळमळत उभ्या राहिलेल्या मुलालाही तेवढाच आधार पुरतो. त्याला धरून ठेवायचे नसते. ते पडल्यावर त्याच्या जवळ असायचे असते.