दप्तराची खिडकी आणि संगणकाची भिंत

पीककर्ज घ्यावयाचे असो, वारसनोंद करावयाची असो वा जमिनीचा व्यवहार असो, शेतकऱ्याला सातबाराचा उतारा लागतोच. पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात कागदावर असलेला हा अभिलेख आता संगणकात आला आहे. पुण्यातील जमाबंदी आयुक्त व संचालक भूमि अभिलेख यांचे कार्यालय आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पुणे येथील तज्ज्ञ यांच्या सहकार्यातून ‘ई-फेरफार’ प्रणाली उभी राहिली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

मात्र काम ऐन भरात असताना पडद्यावर ‘जोडणी होऊ शकत नाही’ असा संदेश उमटतो, तेव्हा समोरचा शेतकरी खोळंबतो. अशा वेळी ‘मधली फायरवॉल काढून टाका’ अशी सूचना हमखास पुढे येते. ती सूचना का मान्य होऊ नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

खिडकीची व्यवस्था

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नागरिकाला थेट प्रवेश नसतो. तो खिडकीवर अर्ज देतो, लिपिक अर्ज तपासतो, आत जाऊन दप्तर काढतो आणि नक्कल देतो. संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रणालीची रचनाही सर्वसाधारणपणे अशीच असते. आपल्या संगणकावरील ब्राउझर हा अर्जदार होय. दूरच्या केंद्रातील डेटाबेस हे दप्तर होय. या दोहोंमध्ये असणारा ॲप्लिकेशन सर्व्हर हा खिडकीवरील लिपिक होय.

फायरवॉल म्हणजे दप्तरखान्याची भिंत. संगणकात ये-जा करण्याच्या वाटांना ‘पोर्ट’ म्हणतात व त्यांना क्रमांक असतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे. डेटाबेसच्या वाटा निराळ्या असतात. उदाहरणार्थ, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ व पोस्टग्रेसक्यूएलसाठी ५४३२. बाहेरच्या जगासाठी ४४३ ची खिडकी तेवढी उघडी ठेवावी आणि डेटाबेसची वाट केवळ ॲप्लिकेशन सर्व्हरलाच मोकळी असावी, हा सर्वमान्य दंडक आहे.

थेट जोडणी का नको?

ब्राउझरला डेटाबेसची भाषा मुळात बोलताच येत नाही. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिला, तर तो कोणाही वापरकर्त्याला वाचता येतो. इंटरनेटवर उघडी राहिलेली वाट शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात, हेही विसरता कामा नये.

याहून महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची सूचना चावडीवर लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. खिडकी टाळून कोणी थेट दप्तरात शिरला, तर या साऱ्या पायऱ्या टळतात. एखाद्या बहिणीचे नाव वारसांतून गळू शकते, बँकेचा बोजा नाहीसा होऊ शकतो. भिंत राखते ती केवळ यंत्राला नव्हे, तर खातेदाराच्या हक्काला.

दुरून काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ‘व्हीपीएन’ हा मार्ग वापरता येतो. सार्वजनिक इंटरनेटमधूनच, परंतु सांकेतिक आवरणात जाणारी ती ओळखपत्र तपासून उघडणारी वाट आहे. भिंतीला भगदाड न पाडता आत जाण्याची ती रीत होय.

जोडणी खुंटल्यास

प्रथम इतर संकेतस्थळे उघडतात का, ते पाहावे. ती उघडत नसतील, तर दोष इंटरनेट सेवेचा वा स्थानिक जोडणीचा असण्याचा संभव अधिक. इतर उघडतात, पण हवे ते संकेतस्थळ कार्यालयात उघडत नाही आणि मोबाइलवर उघडते, तर कार्यालयाच्या फायरवॉलचे निर्बंध तपासून घ्यावेत. त्या एका पत्त्यापुरती परवानगी मागावी. संपूर्ण भिंत पाडण्याची नव्हे. सुरक्षा प्रमाणपत्राविषयी इशारा आल्यास संगणकाची तारीख व वेळ बरोबर आहे ना, हे आधी पाहावे. पान उघडते, पण माहिती येत नाही, अशा वेळी अडचण बहुधा सर्व्हरच्या पलीकडे असते; संदेशाचे शब्द व वेळ टिपून तांत्रिक कक्षास कळवावे. कोणत्याही प्रसंगी दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरी उसनी घेऊ नये. कारण त्या स्वाक्षरीने झालेल्या नोंदीची जबाबदारी तिच्या धारकावर येते.

ग्रामसभेत व शाळेत ही माहिती सोप्या शब्दांत सांगितली गेली, तर खोळंबलेल्या शेतकऱ्याचा रोष निष्कारण कर्मचाऱ्यावर निघणार नाही. खिडकी तत्पर असावी, हा आग्रह नागरिकांनी अवश्य धरावा. भिंत मात्र मजबूतच राहिली पाहिजे. कारण त्या भिंतीआड त्यांचीच जमीन नोंदलेली आहे.