बायोडाटा किती पानांचा?

जळगाव-धुळ्याकडची आपली पदवीधर मुले-मुली बायोडाटा तपासायला आमच्याकडे आणतात. कुणाचा चार पानी! शाळेतली बक्षिसे, वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, सारे त्यात. रावेरला केळीच्या वखारीत दोन वर्षे हिशेब लिहिला, हे मात्र लाजेने गाळलेले. आम्ही म्हणतो, उलट करा. अर्जांचा गठ्ठा चाळणारा साहेब तिसरे पान उलटत नाही. नवख्याला एक पान पुरे; आठ-दहा वर्षांचा अनुभव असेल तर दोन. शिक्षण, केलेले काम, संगणकाचे ज्ञान, पत्ता, फोन एवढेच लिहा. खासगी कारखान्याला जात कळवण्याची गरज नाही. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीतलाच नमुना भरा. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतोच. बंधू-भगिनींनो, कष्टाचे काम लपवू नका. तेच आपले खरे शिफारसपत्र!