देवी कुठून आली: दक्षिण गुजरातच्या मौखिक परंपरेच्या नोंदी

सुरतेच्या पूर्वेकडील चौधरी, गामित, धोडिया, कुकणा या आदिवासी समाजांच्या श्रद्धा आणि कथा ब्रिटिश काळात कागदावर येऊ लागल्या खऱ्या, परंतु त्या नोंदींत सांगणाऱ्यापेक्षा विचारणाराच अधिक दिसतो. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या भिल्ली-खानदेशी खंडात या बोलींचे नमुने आहेत. मात्र तुलनेच्या सोयीसाठी नमुना म्हणून प्रायः बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्टच भाषांतरित करून घेतलेली असल्यामुळे व्याकरण हाती लागते आणि चौधऱ्यांची स्वतःची गोष्ट बाहेरच राहते. अनंत कान्हेरे यांनी १९०९ साली नाशकात ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या कलेक्टर जॅक्सनने गुजरातच्या लोकसमजुती जमवल्या त्या शाळामास्तरांकरवी, आणि एन्थोव्हेनने त्या १९१४ मध्ये प्रसिद्ध केल्या.

या पद्धतीला खरे वळण मिळाले ते सुरतेतच. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या आणि पुढे ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत इतिहासकार डेव्हिड हार्डिमन काम करत होते. १९२२ सालच्या देवी आंदोलनाचा शोध घेताना त्यांनी सरकारी दप्तरांच्या जोडीला गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यातून सिद्ध झालेला ग्रंथ १९८७ मध्ये प्रकाशित झाला. १९२२ च्या नोव्हेंबरात मांडवांखाली हजारो लोक जमत, काहींच्या अंगात सलाबाई देवी येई आणि त्यांच्या मुखातून आज्ञा होत: दारू-ताडी सोडा, मांसमच्छी वर्ज्य करा, रोज आंघोळ करा, पारशांकडे कामाला जाऊ नका. या शेवटच्या आज्ञेमागे १८७८ च्या अबकारी कायद्यानंतरचा व्यवहार होता. गावठी दारू गाळण्यावर बंदी आल्याने गुत्तेदार पारशांकडेच प्यावे लागे, उधारी वाढे आणि अखेर जमीन जाई.

दप्तरांवरून हे आंदोलन बाहेरच्या चिथावणीचे वाटावे अशी सोय होती, तर जुन्या माणसांच्या सांगण्यातून माग निघाला तो पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांपर्यंत, तेथील रोगराईच्या देवीच्या शमनविधीपर्यंत. गांधीजी विहिरीच्या तळाशी सूत कातताना दिसतात, ही त्या काळची वार्ताही या आठवणींच्या पसाऱ्यातलीच. अशी वार्ता खोटी ठरवून बाजूला सारणे सोपे असते. ती कोणाला, का पटली हे नोंदवणे अवघड, आणि इतिहासाला उपयोगी तेच. पुढे आज्ञा पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा दारूकडे वळलेले ‘सरजेला’ अशी गावागावांत फूट पडली, तिच्याही स्मृती टिकून राहिल्या.

धरमपूर-डांगच्या बाजूला कुकणा समाजातील डाह्याभाई वाढू यांनी आपल्याच बोलीतली रामकथा लिहून काढली. तेथे भगत पितळी थाळीच्या मध्यावर मेण लावून त्यात एक बारीक काडी उभी करतो, त्या काडीवरून बोटे ओढत राहतो आणि उठणाऱ्या अखंड घुमाऱ्यावर कथा रात्रभर चालवतो. कागदावर हा सूर अर्थातच उतरत नाही. १९९६ साली बडोद्यात गणेश देवी यांनी स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेनेही अशा संग्रहकार्याला बळ दिले. कुकणा बोली सुरगाणा-पेठ भागातही नांदते आणि मराठीला ती बरीच जवळची आहे. तरीही गुजराती लिपीत छापलेली ही रामकथा सीमेपलीकडच्या कुकणा वाचकाला वाचता येत नाही.